दुष्फेन

हंगे सर फळ्यावर लिहितात: दुष्फेन.
म्हणजे फेस न येणारं,
किंवा उशिरा, रुसून येणारं.
मागच्या बाकावर रुकय्या पुटपुटते,
"आपल्या प्राचार्यांसारखं,"
आणि दाराशी बीकर पुसत उभी मी
हसू पदरात दाबते.

केजच्या या कॉलेजात अकरा वर्षं परिचर आहे मी.
दुष्फेनता दोन प्रकारची, तात्पुरती आणि कायमची,
हे दरसाल त्याच तासाला ऐकते.
उकळल्यावर नरमते ती तात्पुरती.
दुसरीबद्दल सर फारसं बोलत नाहीत.

मार्चात बाटल्या येतात टेबलावर,
थंड पेयांच्या, खोकल्याच्या औषधाच्या,
एक तर खोबरेल तेलाची, अजून वास येणारी.
गळ्यात दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या:
वडारवस्तीचा हापसा.
देवळामागचा बोअर, सहाशे फूट.
टँकर, कुठला ते माहीत नाही.

साबणाचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं,
बूच लावून हलवायचं, थांबायचं.
हापसा सातव्या थेंबाला फेसाळला.
टँकर तेराव्याला.
सहाशे फुटांपुढं मी मोजणं सोडलं:
वर नासलेल्या दुधासारखी साय,
खाली गढूळ मुकाटपणा.

त्या पाण्याच्या घरी
तुरीची डाळ दुपार कलली तरी दाताखाली कचकचते,
पातेलं आतून पांढरं होत जातं,
पोरींच्या वेण्या काथ्यासारख्या,
आणि नव्या सुनेला ऐकावं लागतं
की तुझ्या हाताला गुणच नाही.
हात निर्दोष, हे सरांच्या वहीत आहे.
वही कपाटात आहे.

सोजरबाई परटीण आकडे बघत नाही.
तळहातावर चार थेंब, साबणाची चिपटी,
अंगठा दोनदा फिरवते.
"हे लई जड. कापड पिवळं पडंल.
हे चालतंय, पर नीळ जास्ती लागंल."
आमचं उत्तर दोन दिवसांनी येतं, तेच.
पत्र्यावरून उतरलेलं पाणी
ती रांजणात वेगळं झाकून ठेवते,
फक्त लग्नाच्या शालूंसाठी.
"मऊ पाणी लाडाचं असतंय बाई.
साबणाला सोडतच न्हाई, किती बी खळबळा,
बोट निसरडंच."

कोपऱ्यात काचेचं यंत्र.
फ्लास्कात उकळी, नळीत वाफ,
वाफेचं पुन्हा पाणी.
टप्.
बऱ्याच वेळानं, टप्.
ऊर्ध्वपातित. म्हणून बघा,
जीभ वर जाऊन खाली पडते.
एका बाटलीसाठी नळी गार ठेवायला
बादल्यांवर बादल्या वाहतात.
मी त्या धरते. फरशीला होतात,
बाहेरच्या करंजाला होतात.

एकदा सुट्टीत, दार लावून,
त्यातलं घोटभर प्याले.
वाटलं होतं, काहीतरी असेल.
पाण्याला चवच नव्हती.
लागली ती माझीच जीभ,
सकाळची मिश्री,
आणि भाकरीचा जळका पापुद्रा.

परवा देवळामागच्या बोअरचा
डबाभर नमुना उरला होता.
फेकवेना. फ्लास्कात ओतला.
संध्याकाळी उतरवला तर तळाशी पांढरा थर,
नखानं निघेना.
वाफ तेवढी पुढं गेली होती,
सहाशे फुटांचा दगड इथंच बसून होता.
आम्ल घातलं. फसफसला,
बारीक, घरातल्या घरात भांडावं तसा.
मग नळाचं पाणी, मग ब्रश,
मग नियमानं शेवटची विसळणी,
त्याच्यातूनच निघालेल्या पाण्यानं.

उरलेली बाटली न्यायला
बॅटरीवाल्या इद्रिसभाईंचा पोरगा आला.
"चिठ्ठी कामून बांधली, मावशी?
हे तर नुसतं पाणी."
मी गाठ पक्की केली.
चिठ्ठीवर लिहिलं होतं:
देवळामागचा बोअर, सहाशे फूट.
आता त्यातलं काही नाही.